फादर थिओबाल्ड मॅथ्यू

पवित्र शास्त्राच्या तासाला योहानकृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय निघाला म्हणजे वरच्या वर्गांत एक प्रश्न हटकून येतो. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस सरला, तेव्हां प्रभूनें पाण्याचा द्राक्षारस केला. असें असतां ख्रिस्ती मनुष्यानें बेतानें मद्य घेतलें तर त्यांत दोष तो कोणता? विचारणारा मुलगा बहुधा मागच्या बाकावरचा असतो व वर्गांत खसखस पिकते. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. हाच प्रश्न कित्येकदां लग्नाच्या पंगतींत वडील माणसेंही काढतात, आणि त्या वेळीं विचारणाराच्या हातांत पेला असतो. अशा एका पंगतीला मी स्वतः बसलों होतों. पौलानें तीमथ्याला पोटाच्या विकारासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सुचविलें होतें, तें वचन शेजारच्या गृहस्थांनीं मला अध्यायासह म्हणून दाखविलें. त्यांना दुसरें एखादें वचन पाठ असेल असें मला वाटत नाहीं. पण मलाही त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

पुढें आयर्लंडांतील फादर मॅथ्यू यांचें चरित्र माझ्या वाचनांत आलें. त्यांत मला त्या गृहस्थांस द्यावयाचें तयार उत्तर सांपडलें असें नव्हे. परंतु बेतानें पिणाऱ्या, कधींही तोल न गेलेल्या एका सज्जन ख्रिस्ती मनुष्यानें सत्तेचाळिसाव्या वर्षीं पेला कां खालीं ठेवला, याची ती हकीकत आहे. ती आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी असें फार दिवस मनांत होतें. फादर मॅथ्यू हे रोमन कॅथॉलिक संन्यासी होते आणि आपली शाळा प्रॉटेस्टंट मिशनची आहे, हें मी विसरलों नाहीं. ते स्वतः असा भेद किती मानीत, तें पुढें दिसून येईलच.

थिओबाल्ड मॅथ्यू याचा जन्म १० ऑक्टोबर १७९० रोजीं आयर्लंडच्या टिपरारी परगण्यांत थॉमसटाउन येथें झाला. घराणें खानदानी, एका मोठ्या जमीनदाराच्या नात्यांतलें. घरांत भावंडें पुष्कळ आणि पाहुण्यांचा राबता मोठा. लहानपणापासून त्याला लोकांस बोलावून खाऊं घालण्याची हौस होती, आणि हीच हौस त्याला एकदां भोंवली. १८०७ सालीं तो मेनूथ येथील धर्मगुरूंच्या विद्यालयांत दाखल झाला. तेथील शिस्त कडक. विद्यार्थ्यांनीं खोल्यांत मेजवान्या करूं नयेत असा नियम होता. थिओबाल्डनें दुसऱ्याच वर्षीं आपल्या खोलींत सोबत्यांना मेजवानी दिली आणि ती उघडकीस आली. काढून टाकण्याची पाळी येण्यापूर्वींच तो स्वतः विद्यालय सोडून निघाला. (आमच्या वसतिगृहांतील कांहीं मंडळींनीं ही गोष्ट वाचून समाधान मानूं नये, पुढें त्याला जें करावें लागलें तेंही वाचावें.) मेनूथ सुटल्यावर तो कॅपुचिन संप्रदायाच्या संन्याशांत सामील झाला. हा संप्रदाय त्या वेळीं आयर्लंडांत अगदीं दुबळा, मूठभर माणसांचा राहिला होता. १८१४ सालीं त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि थोड्याच काळांत तो कॉर्क शहरीं येऊन राहिला. यापुढें त्यांना आपण फादर मॅथ्यू म्हणूं.

कॉर्क हें आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचें मोठें बंदर. तेथील एका अरुंद गल्लींत कॅपुचिनांचें लहानसें प्रार्थनामंदिर होतें. आजूबाजूस हमाल, कोळणी, गाडीवान, खाटीक अशी वस्ती. फादर मॅथ्यू पहाटेपासून पापांगीकार ऐकावयास बसत, म्हणजे कामावर जाण्यापूर्वीं गरिबांना येतां येई. त्यांनीं गरीब मुलींसाठीं शाळा काढली व तींत शिवणकाम शिकविण्याची सोय केली. कॅथॉलिक गरिबांना आपल्या विधीप्रमाणें मृतांस पुरण्यास अडचण पडे, म्हणून १८३० सालीं त्यांनीं एक बाग मिळवून तिचें स्मशान केलें. १८३२ मध्यें शहरांत पटकीची सांथ आली, तेव्हां ते रुग्णालयांत राबले. या पंचवीस वर्षांत ते वक्ते म्हणून गाजले नाहींत. त्यांचा आवाजही कांहीं मोठा नव्हता. लोक त्यांना ओळखत ते एवढ्याचसाठीं कीं, त्यांच्या दारावरून कोणी रिकामा परत जात नसे.

आतां दारूकडे वळूं. त्या काळच्या आयर्लंडांत व्हिस्की नाहीं असा प्रसंगच नव्हता. बाळाचा बाप्तिस्मा, लग्न, बाजारांतील सौदा, प्रेताजवळचें जागरण, सर्व कांहीं तिच्या साक्षीनें होई. शेतमजुराच्या पोटांत बटाटा व अंगावर चिंध्या. पण गुत्त्यावर त्याचें खातें असे. सरकारचा कर भरून विकलेली दारू १८३८ सालीं सुमारें १ कोटी २० लाख गॅलन होती, आणि देशाची लोकसंख्या त्या सुमारास ८० लाखांच्या आसपास. डोंगरांत चोरून गाळलेली दारू या हिशेबांत धरलेलीच नाहीं.

या व्यसनाविरुद्ध ओरड करणारे फादर मॅथ्यू हे पहिले नव्हते. बेलफास्ट येथील प्रेस्बिटेरियन पाळक जॉन एडगर यांनीं १८२९ सालीं आपल्या घरांतील व्हिस्की खिडकींतून बाहेर ओतून दिली, आणि मद्यनियमनाच्या मंडळ्या निघूं लागल्या. त्या मंडळ्यांचा नियम पाहण्यासारखा आहे. गाळलेली कडक दारू पूर्ण वर्ज्य. द्राक्षारस व बीर मात्र बेतानें चालेल. म्हणजे आमच्या पंगतींतील गृहस्थांचेंच मत! या मतास शास्त्राचा आधार आहे असें एडगरसाहेब म्हणत, आणि तो आहेही. परंतु व्यवहारांत काय झालें? गरिबाला परवडणारी वस्तु व्हिस्की, ती निषिद्ध ठरली. श्रीमंताच्या टेबलावरची वस्तु पोर्ट, ती निर्दोष ठरली. जेवणानंतर द्राक्षारसाचा पेला हातीं धरून मजुराला संयमाचा उपदेश करणारा सभ्य गृहस्थ मजुराच्या डोळ्यांना कसा दिसला असेल, याची कल्पना करावी. पुढें १८३२ सालीं इंग्लंडांत प्रेस्टन गांवीं जोसेफ लिव्हझी नांवाच्या पनीराच्या व्यापाऱ्यानें व त्याच्या सहा सोबत्यांनीं कोणतेंही मादक पेय न घेण्याची प्रतिज्ञा केली. त्यांच्या अनुभवाला असें आलें होतें कीं, बीर मोकळी ठेवली तर दारूबाज त्याच वाटेनें परत जातो. हा नवा पंथ एडगर यांना मुळींच पसंत पडला नाहीं. प्रभूनें जें निर्माण केलें तें पापमूलक ठरविण्याचा अधिकार मनुष्याला कोणीं दिला, असा त्यांचा रोख होता. म्हणजे आपल्या मागच्या बाकावरचा प्रश्न विद्वान् पाळकांनाही सुटला नव्हता.

कॉर्कमध्यें ही नवी पूर्णत्यागाची चळवळ चालविणारे तिघे मुख्य होते: एक अँग्लिकन पाळक, एक युनिटेरियन व्यापारी आणि एक म्हातारा क्वेकर, विल्यम मार्टिन. तिघेही प्रॉटेस्टंट पक्षाचे. गरीब जनता सारी कॅथॉलिक. त्यामुळें त्यांच्या सभांना टवाळखोर येत, पिणारे येत नसत. मार्टिन आणि फादर मॅथ्यू हे दोघेही शहरच्या दरिद्रीगृहाच्या व्यवस्थापकांत होते. तेथें दारूनें धुळीला मिळालेला एखादा कारागीर किंवा टाकून दिलेलीं मुलें दिसलीं म्हणजे तो म्हातारा क्वेकर फादरांकडे वळून म्हणे कीं, हें काम तुम्हीं हातीं घ्याल तर होईल, आमच्यानें होणार नाहीं. हें त्यानें एकदां नव्हे, वारंवार म्हटलें.

फादर मॅथ्यूंनीं लगेच होकार दिला नाहीं, आणि त्यांच्या या घुटमळण्याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. ते स्वतः पाहुण्यांसमवेत बेतानें घेत. त्यांच्या टेबलावर द्राक्षारस असे. त्यांच्या चारित्र्यास त्यापासून कधीं डाग लागला नव्हता. त्यांच्या जवळच्या आप्तांचा दारू गाळण्याचा मोठा धंदा होता. चळवळ यशस्वी झाली तर भट्ट्या बंद पडणार व स्वतःचेच नातलग अडचणींत येणार, हें उघड होतें. शिवाय ते रोज वेदीवर मिस्सा करीत, आणि त्या विधींत द्राक्षारस लागतोच. ज्या वस्तूस ते प्रत्यहीं पवित्र मानून हातीं धरीत, ती मुळांतच पापरूप आहे असें ते म्हणूं शकत नव्हते, व त्यांनीं तें कधीं मानलेंही नाहीं. त्यांच्यापुढचा प्रश्न मद्य चांगलें कीं वाईट, असा नव्हताच. मला पिण्याची मोकळीक आहे. पण त्या मोकळिकीचा उपयोग मीं केला तर दरिद्रीगृहांतला तो सुतार माझें ऐकेल काय? प्रश्न होता तो हा. पौलानें रोमकरांस लिहितांना दुर्बळ बंधूस अडखळण होईल असें खाणें-पिणें सोडून देण्याविषयीं जें शिकविलें आहे, तें फादरांना पाठ होतें. पण पाठ असलेलें वचन अंगीं लागावयास त्यांना कित्येक महिने लागले.

१० एप्रिल १८३८ रोजीं संध्याकाळीं त्यांनीं आपल्या शाळेच्या खोलींत लहानशी सभा बोलाविली. क्वेकर मार्टिन आनंदानें हजर होता. फादरांनीं थोडक्यांत सांगितलें कीं, ज्याची प्रकृति निरोगी आहे त्याला मादक पेयाची गरज नाहीं असें आपणांस पुरतें पटलें आहे; आणि देवाचें नांव घेऊन वहींत पहिली सही आपली केली. त्या रात्रीं सुमारें साठ जणांनीं त्यांच्या खालीं नांवें घातलीं. प्रतिज्ञेचा आशय असा होता कीं, देवाच्या साहाय्यानें मी सर्व मादक पेयांपासून दूर राहीन, औषध किंवा धर्मविधि एवढाच अपवाद. आणि उपदेशानें व उदाहरणानें इतरांचें दारूबाजपण टाळण्याचा यत्न करीन.

पुढें जें झालें त्याची अपेक्षा त्यांनाही नव्हती. शाळेची खोली अपुरी पडूं लागली. घोड्यांच्या बाजाराची मोठी जागा मिळाली, तीही अपुरी पडली. नऊ महिने भरण्याच्या आंत दीड लाख नांवें वहींत आलीं. लोक तीस-तीस, चाळीस-चाळीस मैल पायीं चालत येत. १८३९ च्या डिसेंबरांत ते लिमरिक शहरीं गेले, तेव्हां एवढा जनसमूह लोटला कीं, अन्न व निवारा पुरेना, आणि भर थंडींत हजारो माणसें रस्त्यावर निजलीं. रांगेनें गुडघे टेकलेल्या लोकांकडून प्रतिज्ञा एकदम म्हणवून घ्यावी, मग रांगेंतून चालत प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा, असा त्यांचा क्रम होता. भाषण पांच-दहा मिनिटांचें, साधें. इंग्रज कादंबरीकार थॅकरे १८४२ सालीं कॉर्क येथें त्यांना भेटला. त्यालाही सर्वांत अधिक भावलें तें हेंच कीं, या मनुष्याच्या ठिकाणीं मोठेपणाचा कांहीं डौल नाहीं. गांवोगांवीं वाचनालयें व वाद्यांचे ताफे निघाले; गुत्त्यांत जाणारी संध्याकाळ कोठें तरी घालवावयास हवी होती, हें फादरांनीं ओळखलें होतें. केवळ नको म्हणणाऱ्या सुधारकांनीं ही गोष्ट लक्ष्यांत घेण्यासारखी आहे.

कर भरलेल्या दारूचा खप १८४२ पर्यंत निम्म्याहून खालीं आला. प्रतिज्ञा घेतलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर गेली असें त्या वेळीं म्हणत. एकच मनुष्य दोनदां-तीनदां वहींत आला असेल, तेव्हां तो आंकडा थोडा कमी करून घ्यावा; तरीही तेथील प्रौढ माणसांपैकीं निम्म्यांच्या आसपास लोकांनीं कधीं ना कधीं ती प्रतिज्ञा उच्चारली होती, असें मानण्यास हरकत नाहीं.

विरोध झाला नाहीं असें नाहीं. कित्येक प्रॉटेस्टंटांना हा पोपचा कांहीं डाव वाटला. उलट कांहीं कॅथॉलिक धर्माधिकाऱ्यांना फादर मॅथ्यू हे क्वेकर व प्रेस्बिटेरियन यांच्या पंगतीला बसतात याचा राग आला. टुआमचे आर्चबिशप मॅकहेल हे त्यांचे उघड विरोधक होते. फादरांनीं कोणालाच उत्तर दिलें नाहीं. वहींत सही करणाऱ्याला त्यांनीं त्याचा पंथ विचारला नाहीं.

येथपर्यंत वाचून चरित्र संपवावें असें वाटतें, आणि मद्यपाननिषेधाच्या सभांतून तें बहुधा येथेंच संपवितात. पण खऱ्या मनुष्याचें चरित्र सोयीच्या ठिकाणीं थांबत नाहीं.

पहिली गोष्ट, प्रतिज्ञा सोपी झाली. पुष्कळ लोकांना ती एक प्रकारचा गंडा वाटूं लागली. प्रतिज्ञा घेणारास एक पदक मिळे. तें गळ्यांत असलें म्हणजे आजार बरा होतो, व प्रतिज्ञा मोडणाऱ्यावर अरिष्ट कोसळतें, अशा समजुती पसरल्या. लोक आंधळ्यांना व पांगळ्यांना फादरांच्या पुढें आणून ठेवीत. ते चमत्काराची भाषा नाकारीत. पण माझ्या मतें जितक्या स्पष्टपणें नाकारावयास हवी होती तितक्या स्पष्टपणें त्यांनीं ती नाकारली नाहीं. कित्येकजण तर वाटेंत शेवटची म्हणून मनसोक्त पिऊन, झिंगतच प्रतिज्ञेला येत! आपली मोकळीक विचारपूर्वक सोडणें निराळें आणि गर्दीबरोबर गुडघे टेकणें निराळें. पहिली गोष्ट फादरांनीं स्वतः केली होती, दुसरी त्यांच्या पुष्कळ अनुयायांनीं केली.

दुसरी गोष्ट पैशाची. पदकें विकत द्यावयाचीं असत, पण गरिबाकडून पैसे घेणें फादरांस जमलें नाहीं. प्रवासखर्च, वाद्यांचे ताफे, छपाई, भिक्षेकऱ्यांना दान, सर्व उधारीवर. १८४४ च्या सुमारास त्यांच्या डोक्यावर सुमारें ७,००० पौंड कर्ज झालें व कर्जापायीं त्यांच्यावर अटकेचाही प्रसंग आला. मित्रांनीं वर्गणी करून त्यांना सोडविलें. १८४७ सालीं व्हिक्टोरिया राणीकडून वर्षाला ३०० पौंडांची नेमणूक झाली, तीही सावकारांच्या घशांत जाऊं लागली. त्याच वर्षीं कॉर्कच्या धर्मगुरूंनीं बिशपच्या जागेसाठीं त्यांचें नांव पहिलें सुचविलें होतें. रोमनें दुसऱ्यास नेमलें.

आणि मग दुष्काळ. १८४५ सालीं बटाट्यावर रोग पडला. १८४६ सालीं तो देशभर पसरला. त्या वर्षीं २७ जुलैला फादर मॅथ्यू कॉर्कहून डब्लिनला गेले, तेव्हां रस्त्याच्या दुतर्फा बटाट्याचीं शेतें फुलांनीं डंवरलेलीं होतीं. ३ ऑगस्टला ते परत फिरले. त्या एका आठवड्यांत सर्व मळे काळे पडून कुजले होते, आणि माणसें आपापल्या बांधावर बसून हात चोळीत रडत होतीं. हें त्यांनीं सरकारी खजिन्याचे अधिकारी चार्लस ट्रेव्हेलियन यांस पत्रानें कळविलें; मक्याचें पीठ लवकर आणवा म्हणून विनविलें. सरकारनें पुढें दुष्काळी कामें काढलीं. त्या कामांविषयींची फादरांची एक तक्रार वाचून अंगावर कांटा येतो. काम सुरू झालें कीं शेजारीं गुत्ता उघडतो, मॅजिस्ट्रेट त्याला सहज परवाना देतात, आणि मजुरी वांटणारे कारकून गुत्त्यांतच कचेरी थाटून बसतात. कोणाकोणाची तर त्या धंद्यांत भागीदारीही आहे, असें त्यांनीं लिहिलें. खडी फोडून मिळालेले चार पैसे उपाशी मनुष्याच्या हातीं पडावयाचे ते गुत्त्याच्या बाकावर! अशा ठिकाणीं बेतानें प्या असें सांगणाऱ्याचा उपदेश कितीसा टिकणार, याचा विचार वाचकांनीं करावा.

फादरांनीं कॉर्कमध्यें अन्नछत्र चालविलें, स्वतःजवळचें होतें नव्हतें तें संपविलें. सुमारें दहा लाख माणसें त्या चार-पांच वर्षांत भुकेनें व तापानें मेलीं, आणि तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं. त्यांत वहींत नांवें घातलेले किती असतील! वाचनालयें बंद पडलीं, ताफ्यांचीं वाद्यें विकलीं गेलीं. सारी चळवळ एका माणसाच्या पायांवर उभी होती. त्याच्या मागें दुसरी फळी नव्हती. १८४८ सालीं त्या माणसालाही अर्धांगवायूचा झटका आला.

थोडें बरें वाटतांच, वैद्यांचें न ऐकतां, ते १८४९ सालीं अमेरिकेस निघाले. तिकडे लाखो आयरिश लोक जाऊन राहिले होते. न्यूयॉर्कनें त्यांचें राजासारखें स्वागत केलें. पण तेथें त्यांच्यापुढें निराळाच पेंच आला. सात-आठ वर्षांपूर्वीं आयर्लंडांतून अमेरिकेतील आयरिश बांधवांना एक विनंतिपत्र गेलें होतें. गुलामगिरीविरुद्ध उभे राहा, असा त्याचा आशय होता आणि त्यावर हजारों सह्यांबरोबर फादर मॅथ्यूंची सही होती. गुलामगिरीविरोधी पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांनीं बोस्टन येथें त्यांना भेटून त्या सहीची आठवण दिली, व आपल्या सभेला बोलाविलें. फादरांनीं नकार दिला. मी लोकांना मद्याच्या गुलामगिरींतून सोडवावयास आलों आहें, तेवढें काम मला पुरे आहे, अशा अर्थाचें त्यांचें उत्तर होतें. दक्षिणेकडील संस्थानें दुखावलीं तर आपलें काम बुडेल, ही भीति त्यांच्या मनांत होती.

फ्रेडरिक डग्लस हें नांव आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकलें असेल. जन्मानें गुलाम, ज्या १८३८ सालीं फादर मॅथ्यूंनीं वहींत सही केली त्याच सालीं तो पळून स्वतंत्र झाला. १८४५ सालीं तो आयर्लंडांत आला असतां कॉर्क येथें फादरांच्या साध्या घरीं जाऊन भेटला, त्यांच्या अगत्यानें भारावला, आणि त्यांच्याच हातून त्यानें मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेतली. ज्या देशांत त्याच्या रंगाच्या माणसाला टेबलाशीं बसूं देत नसत, त्या देशांतून आलेल्या त्या तरुणास या संन्याशानें बरोबरीनें बसविलें होतें. तोच संन्यासी आतां त्याच्या देशांत येऊन गप्प बसला. डग्लसनें आपलें दुःख उघड बोलून दाखविलें. बरें, गप्प बसून दक्षिण तरी राजी झाली काय? नाहीं. जुनी सही उजेडांत येतांच जॉर्जियांतील मद्यनिषेधक पुढाऱ्यानें दिलेलें निमंत्रण मागें घेतलें, आणि सीनेटमध्यें त्यांना मानाचें आसन द्यावें कीं नाहीं यावर वाद माजला.

या प्रकरणावर पांघरूण घालावें असें मला एके काळीं वाटे. आतां वाटत नाहीं. १८३८ सालीं या मनुष्यानें दुर्बळ बंधूसाठीं स्वतःचा निर्दोष पेला, स्वतःच्या आप्तांचा व्यापार, दोन्ही पणाला लावलीं; १८४९ सालीं त्याहून दुर्बळ बंधूसाठीं स्वतःचें कार्य पणाला लावण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. ज्या तत्त्वावर त्यानें मद्य सोडलें तें तत्त्व मद्यापुरतेंच नव्हतें. आजारी, कर्जबाजारी, साठीला टेंकलेल्या मनुष्याकडून आपण अधिक मागतों काय? असूं शकेल. पण डग्लसला तसें वाटलें नाहीं, आणि या बाबतींत मत देण्याचा अधिकार माझ्याहून त्याचा मोठा आहे.

अमेरिकेंत ते अडीच वर्षें हिंडले. शेंकडों गांवें झालीं, पांच लाखांवर लोकांनीं त्यांच्यापुढें प्रतिज्ञा घेतली. १८५१ च्या अखेरीस ते परतले ते थकून. पुढच्याच वर्षीं पुन्हां झटका आला. हवापालटासाठीं कांहीं काळ मदीरा बेटावर राहिले. हें बेंट द्राक्षारसासाठींच जगांत प्रसिद्ध आहे, हा एक योगायोगच. शेवटचे महिने त्यांनीं कॉर्कजवळच्या क्वीन्सटाउन बंदरीं काढले; त्या गांवाला आज कोव्ह म्हणतात. सकाळीं काठी टेंकीत ते समुद्राच्या बाजूनें भिंतीला धरून चालत. चालतांना पाय ओढे व जीभ जड झाली होती. तरी एखादा खलाशी किंवा मजूर समोर येऊन गुडघे टेंकी, आणि ते थांबून त्याच्याकडून तीं वाक्यें म्हणवून घेत.

८ डिसेंबर १८५६ रोजीं त्यांचा अंत झाला. गरिबांसाठीं त्यांनींच मिळविलेल्या त्या बागेंतल्या स्मशानांत, स्वतः निवडून ठेवलेल्या क्रुसाखालीं त्यांना पुरलें. कॉर्कच्या मुख्य रस्त्यावर १८६४ सालीं शिल्पकार फोली यांनीं घडविलेला त्यांचा पुतळा बसविला गेला. उजवा हात पुढें करून, जणूं कोणाच्या तरी डोक्यावर ठेवण्यासाठीं, ते उभे आहेत. कॉर्ककर त्याला कोणाचा पुतळा असें म्हणत नाहींत. नुसता पुतळा म्हणतात, आणि भेटण्याची जागा ठरवावयाची झाली म्हणजे तीच सांगतात.